रेघ हलली तर हलू दे की

प्रोक्रिएट या आयपॅडवरच्या चित्र काढायच्या ॲपमध्ये दोन बोटं स्क्रीनवर टेकवली की शेवटची रेघ गायब, आणि असं अडीचशे पावलांपर्यंत मागे जाता येतं. सोय म्हणून झकासच आहे, पण हळूहळू हाताला अशी खोड लागते की रेघ अजून पूर्ण झालेलीही नसते आणि डाव्या हाताची दोन बोटं पुसायला तयारीत असतात, मग तीच रेघ परत, परत पुसा, परत काढा, आणि मधलीच कुठलीतरी चांगली आली होती ती केव्हाच गेली. कागदावर शाईने काढताना इलाजच नसतो ना, नाक लांब झालं तर खाली मिशी झुपकेदार करायची.

डिजिटलवाल्यांची एक नेहमीची रड आहे, स्केच भारी वाटतं आणि वर नवीन लेयर, म्हणजे पारदर्शक थर, घेऊन स्वच्छ लाइनआर्ट, म्हणजे पक्क्या रेघांचं चित्र, केलं की चित्र मरतं. मला वाटतं स्केच करताना आपण आकार शोधत असतो, एका खांद्याला चार रेघा असतात आणि बघणाऱ्याचा डोळा हवी ती उचलतो. लाइनआर्टमध्ये आपण स्वतःलाच गिरवत बसतो, हात जपून चालतो. त्यात स्ट्रीमलाइन, म्हणजे ॲपमधली रेघ सावरून देणारी सोय, वाढवून ठेवलेलं असलं की रेघ पेन्सिलच्या मागून मागून येते, हाताची थरथर गाळून, एकदम गुळगुळीत. आजीच्या हातावरच्या सुरकुत्या अशा रेघेने काढून बघा, रबरी हातमोजा दिसतो.

डेव्हिड हॉकनी या ब्रिटिश चित्रकाराचं मला म्हणूनच कौतुक आहे. 2009 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, हा माणूस इंग्लंडमधल्या ब्रिडलिंग्टनच्या घरी पलंगावर पडल्यापडल्या आयफोनवर चक्क अंगठ्याने सूर्योदय काढायचा आणि मित्रांना पाठवून द्यायचा. खिडकीतला उजेड मिनिटामिनिटाला बदलणार, घोटत बसायला वेळ कुठला! 2011 मध्ये त्याने जवळच्याच वोल्डगेटच्या रस्त्यावरचा वसंत आयपॅडवर काढला, पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमीत ती चित्रं मोठमोठे प्रिंट काढून लावली, आणि त्यात गवत म्हणजे सरळ फटकारे आहेत, लपवाछपवी काही नाही.

याचा अर्थ सगळंच कच्चं सोडा असं नाही हां, "माझी स्टाइलच आहे" म्हणून आळस खपवणारे पण भरपूर आहेत. घासूनपुसून घ्यायचं ते रंगांत घ्यावं, सावली कुठून पडते ते दहा वेळा तपासावं, रेघेला मात्र फार छळू नये. आणि झूम करून पापण्यांचे केस मोजण्यात तर काहीच अर्थ नाही, बघणारा मोबाईलवर बोटभर चित्र बघणार आणि पुढे सरकणार.

अपवाद एकच, अक्षरं. देवनागरी लिहायची असली की मी स्ट्रीमलाइन बिनधास्त वाढवतो, शिरोरेघ ओढून पेन्सिल तशीच टेकवून ठेवतो म्हणजे ॲप ती आपोआप सरळ करून देतं, कारण चेहरा वाकडा आला तर लोक त्याला व्यंगचित्र म्हणतात, शिरोरेघ वाकडी आली तर डायरेक्ट "शाळेत कुठल्या होतास" विचारतात.