श्टुटगार्टमध्ये विम्यावर उपचार करणारा अस्थिरोगतज्ज्ञ शोधताना

श्टुटगार्ट हे शहर वाटीसारख्या खोलगट भागात वसलेले आहे आणि भोवतालच्या टेकड्यांवरील वस्त्यांना खालच्या शहराशी जोडणाऱ्या दगडी जिन्यांना इथले लोक 'श्टेफेले' म्हणतात. असे चारशेहून अधिक जिने शहरात आहेत. नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी सकाळी भाजी आणायला म्हणून त्यांपैकीच एक जिना उतरत असताना ओल्या पाचोळ्यावरून माझा पाय घसरला. पाऊल पायरीच्या कडेला अडकून राहिले आणि गुडघा मात्र आतल्या बाजूला पिळला गेला. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात एक्स-रे काढला, हाड मोडलेले नसल्याचे सांगितले, गुडघ्याला आधारपट्टा बांधला आणि 'येत्या काही दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे' असे लिहिलेला कागद हातात देऊन मला घरी पाठवले.

तिथे नोंदणी करताना, कामावर जाता-येता पडलात का, असे मला दोनदा विचारण्यात आले. हा प्रश्न वरवरचा नसतो, हे इथे नव्याने आलेल्यांनी जरूर लक्षात ठेवावे. कामाच्या ठिकाणी किंवा कामाच्या वाटेवर झालेला अपघात हा वेगळ्या अपघात विम्याखाली येतो आणि त्यासाठी 'डुर्शगांग्स-आर्त्स्ट' म्हणून नेमलेल्या डॉक्टरांकडेच जायचे असते. माझा अपघात सुट्टीच्या दिवशीचा होता, त्यामुळे मला माझ्या नेहमीच्या आरोग्यविम्यावरच अवलंबून राहायचे होते.

हा विमा म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली, कामगारांसाठी जो आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला, त्यातूनच आजची सार्वजनिक विमा पद्धत वाढत आली. जर्मनीतील सुमारे नव्वद टक्के लोक याच विम्यात आहेत. पगाराच्या १४.६ टक्के आणि त्यावर प्रत्येक विमा संस्थेचा थोडा वाढीव हिस्सा, असा त्याचा हप्ता असतो आणि तो मालक व नोकरदार निम्मा-निम्मा भरतात. नोकरी करणाऱ्याला खासगी विमा घ्यायचा असेल, तर त्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर असावे लागते. २०२५ साली ही मर्यादा वर्षाला ७३,८०० युरो होती. पुण्याहून इकडच्या मोटार कारखान्यांत येणाऱ्या मंडळींना हा आकडा पहिल्याच महिन्यात पाठ होतो. त्यामुळे दोन रांगा पडतात हे मात्र आजारी पडेपर्यंत जाणवत नाही.

सोमवारी सकाळी आठ वाजता मी फोन करायला सुरुवात केली. नाव, जन्मतारीख, दुखणे यांपैकी काहीही विचारण्याआधी पहिला प्रश्न येई, 'गेझेत्स्लिश ओडर प्रिवाट?' म्हणजे सार्वजनिक विमा की खासगी. मी पहिला शब्द उच्चारला की पलीकडचा आवाज किंचित मंदावत असे. एका दवाखान्याने मार्चमधली तारीख देऊ केली, एकाने नवे रुग्ण घेणे बंद असल्याचे सांगितले, तर एका ठिकाणी पाऊण तास संगीत ऐकून झाल्यावर फोन आपोआप बंद झाला. माझा गुडघा तेव्हा पूर्ण सरळ होत नव्हता. शेवटच्या थोड्या अंशांवर आत काहीतरी अडकल्यासारखे होई आणि पाऊल टेकवताना टाच जमिनीपर्यंत पोहोचतच नसे. हे मी प्रत्येक फोनवर सांगत होते, परंतु फोनवरची व्यक्ती ही तारखांची वही सांभाळणारी असते, तिच्या हाती तेवढेच असते.

दारावरची पाटी वाचायला मी याच काळात शिकले. 'आले कासेन' असे लिहिलेले असेल तर तिथे सर्व विमा संस्थांचे कार्ड चालते. 'प्रिवाटप्राक्सिस' असे असेल तर तिथे सार्वजनिक विम्याचे कार्ड घेतच नाहीत आणि बिल रुग्णाने स्वतः भरायचे असते. ते सरकारी दरपत्रकाच्या बहुधा २.३ पट, तर अवघड उपचारांत ३.५ पटीपर्यंत लावता येते. एका दवाखान्याची गुडघ्यावरची माहिती मला इतकी नेमकी वाटली की मी तिथे जायचे निश्चितच केले होते. फक्त खासगी रुग्ण आणि स्वखर्चाने येणारे, ही ओळ पानाच्या अगदी तळाशी होती.

असे का होते, हे मी इथल्या एका परिचित परिचारिकेला विचारले. तिने सांगितलेली गोष्ट मला पटली. विम्याचे रुग्ण घेण्याचा परवाना डॉक्टरला जिल्हावार ठरलेल्या संख्येनुसार मिळतो. एखाद्या भागात ती संख्या भरली की नव्या डॉक्टरला तिथे खासगी दवाखाना काढता येतो, पण विम्याच्या रुग्णांचे बिल लावता येत नाही. शिवाय ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांचा मोबदला तिमाहीच्या हिशेबात बांधलेला असतो आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या कामाचे पैसे कापून मिळतात. म्हणून तिमाहीच्या अखेरीस तारखा दुर्मीळ होतात. डॉक्टर निर्दय असतात असे मी म्हणणार नाही, पण ज्या पद्धतीत एकाच गुडघ्याची किंमत कार्डाच्या रंगावरून ठरते, तिच्यात अन्याय आहे आणि तो ठामपणे सांगितला पाहिजे असे मला वाटते.

आई रोज फोन करत असे. 'अगं, आपल्याकडे संध्याकाळी ओपीडीत जाऊन बसलं की रात्रीपर्यंत डॉक्टर भेटतातच,' असे ती म्हणे आणि ते खरेच होते. फक्त तिथे खिशातून पैसे मोजावे लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर तिथेही आधी अंगीकृत रुग्णालय शोधावे लागते. मात्र त्या रुग्णालयात आरोग्यमित्र नावाची एक व्यक्ती बसलेली असते, जी कागद कोणते, पुढे कुठे जायचे, हे समोर बसून सांगते. त्या आठवड्यात मला त्या आरोग्यमित्राची फार आठवण झाली.

मला वाट दाखवली ती शेजारच्या आजींनी. आमच्या इमारतीच्या जिन्यात मी कुबड्या घेऊन उभी असताना त्या थांबल्या आणि फोन करण्यात वेळ घालवू नकोस, 'ओफेन श्प्रेखश्टुंड', म्हणजे तपासणीचे मोकळे तास, कधी असते ते बघ, असे त्यांनी मला सांगितले. २०१९ च्या कायद्यानुसार अस्थिरोगतज्ज्ञांसह काही तज्ज्ञांना आठवड्यातले किमान पाच तास, आधी वेळ न घेता येणाऱ्या रुग्णांसाठी मोकळे ठेवावे लागतात. ही गोष्ट मला कोणत्याही दवाखान्याने फोनवर सांगितली नव्हती, हे मला आजही खटकते.

बुधवारी पहाटे मी ट्रामने निघाले आणि असे मोकळे तास असलेल्या एका दवाखान्याच्या बंद दारापाशी सव्वासातला पोहोचले. माझ्याआधी पाच जण उभे होते. एक रंगकाम करणारा कामगार होता, त्याचा खांदा उचलत नव्हता. एक तुर्की बाई आपल्या सासूला आधार देऊन उभी होती. कुणीतरी माझ्याकडे बघून पायरीवरची जागा करून दिली. साडेसातला आतून किल्ली फिरली, एकेकाने कार्ड यंत्रात घातले आणि आम्ही बसून राहिलो. माझी पाळी पावणेअकराला आली. डॉक्टरांनी मला झोपवून गुडघा वाकवला, पाऊल आतबाहेर फिरवले, सांध्याच्या फटीवर बोट दाबले आणि मी किंचाळल्यावर हात काढून घेतला. सगळे मिळून सात मिनिटे. पण त्या सात मिनिटांत त्यांनी ओळखले की मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादी, फाटून तिचा तुकडा बादलीच्या कडीसारखा सांध्यात उलटला असावा आणि म्हणूनच पाय सरळ होत नाही.

एमआरआयसाठी त्यांनी जी चिठ्ठी, म्हणजे 'युबरवायझुंग', दिली तिच्यावर बारा अक्षरी संकेतांक चिकटवला होता. हा संकेतांक मागून घ्यावा, असे मी प्रत्येकाला सांगते. तो हातात असला की ११६११७ या क्रमांकावर, म्हणजे विम्याच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या वेळ मिळवून देणाऱ्या केंद्राकडे, तज्ज्ञाची वेळ मागता येते आणि ती चार आठवड्यांच्या आत देणे त्या केंद्राला बंधनकारक असते. डॉक्टर निवडता येत नाही आणि थोडे लांब जावे लागू शकते. मला नऊ दिवसांनंतरची वेळ लुडविग्सबुर्गमध्ये मिळाली.

एमआरआयमध्ये शंका खरी ठरली, परंतु ज्यांनी ती ओळखली ते डॉक्टर शस्त्रक्रिया करत नसत. इथले बरेच अस्थिरोगतज्ज्ञ औषधे, व्यायाम, इंजेक्शने एवढ्यापुरतेच काम करतात, हेही आधी माहीत असणे गरजेचे आहे. पुन्हा शोध घ्यावा लागणार या विचाराने माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते पाहून त्यांनी स्वतः फोन उचलला, विम्याशी करार असलेल्या एका रुग्णालयाच्या विभागाशी बोलले आणि भरतीची चिठ्ठी, 'आइनवायझुंग', लिहून दिली. एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला केलेला तो फोन माझ्या तेवीस फोनांपेक्षा भारी ठरला.

शस्त्रक्रिया दहा दिवसांनी झाली. गादी कापून काढण्याऐवजी टाके घालून जोडता आली, कारण फाटलेला भाग रक्तपुरवठ्याच्या कडेजवळ होता. पुढचे सहा आठवडे त्या पायावर वीस किलोंपेक्षा जास्त भार द्यायचा नव्हता. तो अंदाज यावा म्हणून फिजिओथेरपिस्टने मला घरच्या वजनकाट्यावर पाय दाबून बघायला लावले. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात रोज एक इंजेक्शन मी स्वतःच घेत असे. रुग्णालयात राहिले त्या प्रत्येक दिवसाचे दहा युरो आणि फिजिओथेरपीच्या प्रत्येक चिठ्ठीमागे दहा युरो अधिक खर्चाचा दहावा हिस्सा, एवढेच मी भरले.

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून नुकताच आलेला एक मुलगा क्रिकेट खेळताना पडला आणि त्याचा गुडघा सुजला. 'ताई, सगळे मार्चच म्हणतात,' असा त्याचा संदेश आला. मी त्याला दवाखान्याचा पत्ता, मोकळ्या तासांचे वार आणि सात वाजताची ट्राम कळवली आणि चिठ्ठीवर संकेतांक असल्याची खात्री करूनच बाहेर पड, असे बजावले. त्याला एमआरआयची वेळ गुरुवारी दहा वाजून वीस मिनिटांची मिळाली आहे. चित्रांची सीडी तिथूनच मागून घे, शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना ती लागते, एवढे मात्र मी त्याला सांगायचे विसरले होते, म्हणून आत्ताच पुन्हा फोन केला.