जानेवारीतल्या रात्री जुन्या ट्रॅक्टरवर: अंदरसूल ते लासलगाव

लाल कांद्याची ट्रॉली सकाळच्या लिलावाला लासलगावात हवी असेल, तर अंदरसूलहून रात्रीच निघावं लागतं. येवला, जळगाव नेऊर, देशमाने, विंचूर असा साधारण ४० किलोमीटरचा रस्ता. भरल्या ट्रॉलीला दोन-अडीच तास धरा. या पट्ट्यात जानेवारीत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. निफाडचा जो आकडा पेपरात येतो, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. चालत्या ट्रॅक्टरवर मात्र थंडी त्याहून जास्त: ६ अंशांत ताशी २५ ने निघालात, तर उघड्या अंगाला २ अंशांसारखं झोंबतं. म्हणून आधी वारा अडवायचा, स्वेटरचं नंतर बघू.

आमच्या जुन्या मॅसी ट्रॅक्टरला अँगल आणि पत्र्याची केबिन ठोकून घेतलीय. हीटर नाही. पत्रा वारा अडवतो, पण ऊब धरत नाही, आणि पेडलच्या फटींतून येणारं वारं थेट पोटऱ्यांना लागतं. तिथे जुनी रबरी मॅट कापून बसवा. क्लच-ब्रेक खालपर्यंत दबतात का, ते निघण्याआधी दाबून बघा. हिवाळ्यात वारा बहुतेक उत्तरेकडून, म्हणजे जाताना उजव्या अंगाला. उजवा पडदा पक्का बांधा, डावा थोडा उघडा राहू द्या, नाहीतर श्वासाने काच धुरकटते.

खरी ऊब इंजिनात आहे. रेडिएटरचा पंखा गरम हवा मागे, ड्रायव्हरकडेच फेकतो. उन्हाळ्यात याच हवेला आपण शिव्या घालतो! बॉनेटच्या दोन्ही बाजूंना गोणपाट किंवा जाड कापड बांधलं, की ती हवा बाजूला न जाता केबिनमध्ये येते. कापड सायलेन्सर, पंखा आणि पट्ट्यापासून लांब हवं. एवढं करूनही हवा कोमटच लागली, तर मेकॅनिकला थर्मोस्टॅटचं विचारा. आपल्याकडे उन्हाळ्यात तो काढून टाकतात आणि परत बसवायचं राहून जातं. मग इंजिन थंडीत नीट तापतच नाही. सायलेन्सरचा जोड गळत असेल, तर हा सगळा खटाटोप करूच नका. धूर थेट तुमच्या नाकात येईल.

लोखंडी सीटवर घोंगडीची घडी, पायात मोजे आणि बूट. चपलेवर जाणारे आमचे काका विंचूरपर्यंत गप्प होते, यावरून ओळखा. मफलरची टोकं स्वेटरच्या आत खोचा. लोकरीचे हातमोजे स्टिअरिंगवर सटकतात, तळव्याला रबर असलेले घ्या.

पण सगळ्यात जास्त कुडकुडायला होतं ते पोचल्यावर, रांगेत. इंजिन बंद, पत्रा थंडगार, आणि पहाटे गारठा आणखी वाढतो. इथे काही जण केबिनचे पडदे लावून आत निखाऱ्यांचं घमेलं ठेवतात. ते अजिबात करू नका. निखाऱ्याच्या वायूला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही. इंजिन चालू ठेवून आत झोपणंही तसंच. शेकायचं तर खाली उतरून, ट्रॉलीपासून आणि डिझेलच्या कॅनपासून लांब.

ट्रॉलीवरची ताडपत्री मात्र अंगावर ओढून घेऊ नका. दवाने कांदा ओला झाला की भाव पडतो. स्वतःसाठी वेगळी घोंगडी न्या, थर्मासमध्ये चहा न्या, आणि ट्रॉलीच्या मागे रेडियम लावलेलं आहे ना ते बघा. देशमान्याच्या पुढे पहाटे धुकं असतं.