‘खोलाच लागते’ म्हणण्याआधी

जुनी गाडी घेतली की पहिल्या महिन्यात कुणीतरी मिस्त्री बॉनेट उघडून मान हलवतोच. माझ्या भाच्याला तो नागपुरात ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे भेटला. गाडी २०१२ ची पेट्रोल वॅगनआर, के-सिरीजचं ९९८ सीसीचं तीन सिलिंडरी इंजिन, मीटरवर ९४ हजार. सकाळी स्टार्ट करताना निळसर धुराचा एक भपकारा यायचा आणि हजारेक किलोमीटरमध्ये डिपस्टिकवरचं ऑइल वरच्या खुणेवरून जवळपास खालच्या खुणेवर यायचं. निकाल तयार होता: “ऑइल पिऊन राहिली हे गाडी. रिंगा गेल्या. हाफ इंजिन खोलाच लागते.” रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी; ती बदलायला अर्धं इंजिन उघडायचं. खर्च पंचेचाळीस हजार, आणि “खोलल्यावर अजून काही निघालं तर ते वेगळं.”

हे शेवटचं वाक्य ऐकून भाच्याने मला फोन केला. “मावशी, तू ये एकदा.”

मी कोराडीच्या वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये नोकरी केली. टर्बाइनचं बेअरिंग नुसता आवाज येतो म्हणून तिथे कुणी उघडत नसे. कंपन किती मायक्रॉन, बेअरिंगमधून परतणारं ऑइल किती गरम, मागच्या महिन्यात हेच आकडे काय होते, हे आधी कागदावर यायचं. कारण उघडण्याचंही नुकसान असतं. गाडीच्या इंजिनात तर जास्तच. वर्षानुवर्षं रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) एकमेकांवर घासून बसलेले असतात. जुन्या, गुळगुळीत झालेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा नुसत्या सरकवल्या तर त्या बसतच नाहीत. मग होनिंग करा, म्हणजे बोअर घासून पुन्हा किंचित खरखरीत करा, बोअर मोजा, कदाचित लेथवर पाठवा, ओव्हरसाइज पिस्टन शोधा. आणि हे सगळं रस्त्याला लागून असलेल्या शेडमध्ये, एप्रिलच्या धुळीत.

म्हणून मी आधी ऑइल बदलायला लावलं. विकणारे जाड ऑइल भरतात, ही काही गुपिताची गोष्ट नाही. जाड ऑइलने धूर कमी होतो, खडखड दबते, गरम इंजिनावर ऑइलचा दिवाही लुकलुकत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा “नागपुरात पातळ ऑइल चालतच नाही” असं सांगणारेही भेटतात. हँडबुकात लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल भरल्याशिवाय पुढच्या कुठल्याच आकड्याला अर्थ नव्हता. चेंबरमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथून, जुनं ऑइल काढलं आणि फिल्टर फेकू दिला नाही. तो करवतीने कापला, आतला कागद उलगडून उन्हात धरला. तांब्याच्या रंगाची चमक दिसली असती तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचा उघडा पडला असं समजायचं. लोहचुंबकाला कीस चिकटला असता तर पोलादी किंवा बिडाचा भाग झिजतोय. कागदावर काळा गाळ होता, बाकी काही नाही.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये हवेचा दाब किती होतो ते. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, पेट्रोल बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चांगली. यातलं एकही चुकलं तर गेज खोटं बोलतं, आणि बऱ्याच गॅरेजमध्ये यातलं निदान एक चुकतंच. आकडे आले १७२, १६५, १७० पीएसआय (दाबाचं माप). मला एकेका आकड्यापेक्षा फरकाची काळजी असते. सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला असता तर कमी आलेल्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं असतं: आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. इथे त्याची वेळच आली नाही.

पण इथे थांबून “रिंगा ठणठणीत” म्हणणं बरोबर नाही. कॉम्प्रेशन सांभाळतात त्या मुख्यतः वरच्या दोन रिंगा. बोअरवरचं ऑइल खरवडून खाली पाठवते ती तिसरी, ऑइल रिंग. ती कार्बनने जाम झाली तरी कॉम्प्रेशन उत्तम येऊ शकतं आणि गाडी ऑइल खात राहते. म्हणजे आता प्रश्न एवढाच उरला की ऑइल खालून वर येतंय की वरून, व्हॉल्व्हच्या सीलमधून, खाली गळतंय.

हे गेज सांगत नाही, घाट सांगतो. छिंदवाडा रोडवर सौसरच्या पुढे सिल्लेवानी घाट आहे. भाचा पुढे वॅगनआरमध्ये, मी बहिणीच्या गाडीत मागे, काच खाली करून. चढताना इंजिनावर पूर्ण लोड असतो. ऑइल रिंग निकामी असती तर तिथेच निळा धूर निघत राहिला असता. काही दिसलं नाही. परतीला उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय काढून गाडी सोडायला सांगितली होती. थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, जोरदार व्हॅक्यूम तयार होतो आणि कडक झालेल्या सीलमधून व्हॉल्व्हच्या दांड्यालगत ऑइल आत ओढलं जातं. सपाटीवर त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि निळा ढग थेट माझ्या तोंडावर आला. बहिणीने विचारलं, “आता याच्यात हसण्यासारखं काय आहे?” सकाळचा भपकाराही याच चोराचा: रात्रभरात थेंब थेंब झिरपलेलं ऑइल पहिल्या स्टार्टला जळतं.

राहिला ऑइलचा दाब, आणि माझ्या लेखी खोलायचं की नाही हे ठरवणारा सगळ्यात मोठा आकडा तोच. पंप ऑइल ढकलतो, पण दाब तयार होतो तो बेअरिंगमधल्या फटीच्या अडवणुकीमुळे. ही फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते. ती वाढली की ऑइल सहज निसटतं आणि दाब पडतो, तोही आधी गरम इंजिनाच्या आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना. डॅशबोर्डवरचा दिवा अगदी शेवटी पेटतो, त्याच्यावर विसंबू नये. प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावलं, रिंग रोडला चांगली फेरी मारून आलो. आयडलिंगला १८ पीएसआय, तीन हजार आरपीएमला ४८. दर हजार आरपीएमला दहा पीएसआय हा जुना ठोकताळा धरला तर खालचं इंजिन तब्येतीने आहे.

मिस्त्रीला कागद दाखवला. माणूस वाईट नाही. म्हणाला, “बरं मॅडम, सीलच बदलू. पण तेवढं उघडलंच आहे तर हेड काढून घेऊ, रिंगाही टाकून देऊ.” हे ‘उघडलंच आहे तर’ फार महागात पडतं. सील हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) न काढताही बदलता येतात: कॅमशाफ्ट काढायचे, प्लगच्या भोकातून दाबाची हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवायचे, एकेक स्प्रिंग उतरवायची. वेळखाऊ आहे, चेनचं टायमिंग सांभाळावं लागतं, पण पिस्टनला हात लागत नाही. दुसरा सल्ला कबाडीतून अख्खं इंजिन आणून बसवण्याचा मिळाला. त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन कोणी मोजलंय? शिवाय इंजिन नंबर बदलला की आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्यायची ती वेगळीच.

सध्या फक्त पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे चेंबरमधले वायू परत इंजिनात जळायला सोडणारा, तेवढा बदललाय; जुना गाळाने चिकटला होता आणि तो बंद पडला की चेंबरमध्ये दाब वाढून ऑइलचा खप आणखी वाढतो. सीलचं काम दिवाळीनंतर. तोवर भाच्याने डिकीत ऑइलचा डबा ठेवायचा आणि दर रविवारी, गाडी सपाटीवर, इंजिन थंड असताना डिपस्टिक बघून वहीत लिहायचं. खप वाढत गेला, गरम आयडलिंगचा दाब घसरला, किंवा लोडवर खोल ठकठक सुरू झाली आणि एखाद्या सिलिंडरची कॉइल काढल्यावर ती कमी झाली, तर मी स्वतः गाडी त्याच मिस्त्रीकडे नेईन आणि खोला म्हणेन. पहिल्या तीन रविवारच्या नोंदी व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या आहेत. चौथ्यासाठी आज संध्याकाळी फोन करावा लागणार.