आमची वाटचाल: 25 टक्क्यांच्या नियमाशी झुंज

पेटंटच्या तंट्यांत भरपाईचा आकडा काढून देणारी आमची पेढी आज उभी आहे ती एका सोप्या नियमाला नकार दिल्यामुळे, आणि त्याच नकारापायी ती एकदा बुडायलाही आली होती.

पेटंटच्या उल्लंघनात रॉयल्टी, म्हणजे पेटंट वापरल्याचा मोबदला, किती, तर वापरणाऱ्याच्या अपेक्षित नफ्याचे 25 टक्के पेटंटधारकाला. आमच्याकडेच शिकून बाहेर पडलेल्या एकाने या ठोकताळ्यावर आठवड्याभरात अहवाल द्यायला सुरुवात केली. आम्हाला महिने लागत. अमेरिकेतल्या जॉर्जिया-पॅसिफिक खटल्यात (1970) रॉयल्टी ठरवण्यासाठी मांडलेले 15 मुद्दे एकेक करून तपासायचे, जुने परवाना-करार मागवायचे, तुलनेला योग्य नसलेले बाजूला काढायचे. पक्षकारांना हा वेळकाढूपणा वाटे. कामं एकामागून एक तिकडे गेली. एका वर्षी तर पगार भागीदाराच्या मुदत ठेवी मोडून झाले.

हा भागीदार मूळचा कारखान्यातला कॉस्टिंगवाला. गेलेली विक्री म्हणजे नुकसान नव्हे, हे त्याचं पहिलं वाक्य. विक्री न झाल्याने वाचलेला कच्चा माल, पॅकिंग, दलाली वजा करायची. भाड्यासारखा, विक्री नसली तरी होणारा खर्च वजा करायचा नाही. त्याच्या एक्सेलच्या तक्त्यात डावीकडे प्रत्यक्ष घडलेलं, उजवीकडे ‘उल्लंघन झालंच नसतं तर’, आणि प्रत्येक गृहीतकासमोर पुराव्याचा क्रमांक. क्रमांक नसेल तर गृहीतक खोडायचं. तक्ता आजही तोच आहे.

त्या दिवसांत एक वकीलबाई तेवढ्या आमच्याकडे टिकल्या. आकडा लहान निघाला तरी चालेल, उलटतपासणीत टिकला पाहिजे, एवढीच त्यांची अट.

जानेवारी 2011 मध्ये युनिलॉक विरुद्ध मायक्रोसॉफ्ट खटल्यात पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने 25 टक्क्यांचा नियम मुळातच सदोष ठरवला. तज्ज्ञाने मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरच्या एका परवान्यामागे 10 डॉलर मूल्य धरून त्यातले अडीच डॉलर पेटंटधारकाला दिले होते. हा वाटा त्याच पेटंटला का, याचं उत्तर त्या नियमात नव्हतंच. आम्ही वर्षानुवर्षं हेच सांगत होतो! निकाल त्या देशापुरता, पण इथे समोरचे वकीलही तो पुढे करू लागले. सोडून गेलेले काही पक्षकार परतले. तुमचं बरोबर होतं, असं मात्र त्यांतला एकही म्हणाला नाही.

पुढची वर्षं सुरळीत गेली.

धंदा करणाऱ्यांना सांगतो, तंटा नसतानाच उत्पादनवार मासिक विक्री, दरबदलाच्या नोंदी आणि फिसकटलेल्या परवान्यांचे मसुदेही जपून ठेवा. एकाच नगावर बुडालेला नफा आणि रॉयल्टी दोन्ही मागू नका. नफा मागणार असाल तर तेवढा माल बनवायची क्षमता तुमच्याकडे होती, हे आधी दाखवा. आणि तज्ज्ञाला मिळणाऱ्या भरपाईत टक्का देऊ नका. त्याच्या निःपक्षपातीपणावरच पहिला प्रश्न येतो. टक्क्यावरची अशी कामं आम्ही ठेवी मोडल्या त्या वर्षीही परत पाठवली.