तळ्यापासून सुरुवात करा : सोलापूरच्या जुन्या गावातली एक सकाळ

सोलापूरला मी याआधी चारदा तरी येऊन गेले असेन, पण दर वेळी तुळजापूर नाहीतर अक्कलकोटच्या वाटेवर. किल्ला रिक्षातून दिसायचा, चादरी घ्यायच्या आणि परत. या वेळी आई हटून बसली. तिचं आजोळ इथल्या उत्तर कसब्यातलं, आणि वयाची सत्तरी जवळ आली तरी तिने किल्ला आतून पाहिलेला नव्हता. मग जानेवारी संपता संपता एका रविवारी आम्ही दोघी जुन्या गावाच्या पायी फेरीत सामील झालो. अकरा जण होतो. पुढे इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत होते.

पुण्याहून येणाऱ्यांसाठी आधी सांगते. हुतात्मा एक्स्प्रेस संध्याकाळी पुण्याहून निघते आणि रात्री सोलापुरात सोडते. मुक्काम करा आणि सकाळी साडेसहाला चालायला लागा. मागे मी मे महिन्यात दुपारी बाराला खंदकाकाठी उभी राहिले होते. दहाव्या मिनिटाला डोकं गरगरलं आणि काहीही न पाहता परतले. सोलापूरचं ऊन पायी फिरणाऱ्याला दुसरी संधी देत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ, आणि तोही दहाच्या आत.

आम्हाला वाटलं होतं, फेरी किल्ल्यापासून सुरू होईल. सरांनी आम्हाला सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर उभं केलं आणि विचारलं, “आधी काय असेल? किल्ला, देऊळ का गाव?” कोणी किल्ला म्हणालं, कोणी देऊळ. आई हळूच म्हणाली, “तळं.” सर खूश झाले. पुढचे तीन तास ते याच एका शब्दावर चालले, आणि आता मला सोलापूर दुसऱ्या कुठल्या क्रमाने बघावंसंच वाटत नाही.

बाराव्या शतकात हे गाव सोन्नलगी होतं. लिंगायत संत बसवण्णांच्या काळातले शिवयोगी सिद्धराम इथले. त्यांनी गावात आणि भोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, आणि लोकांना घेऊन हे तळं खणलं. त्यांच्या कन्नड वचनांच्या, म्हणजे छोट्या भक्तिपर रचनांच्या, शेवटी ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही नाममुद्रा येते. सरांनी तळ्याकडे बघत त्याच काळातले शरण संत अल्लमप्रभू यांची कथा सांगितली. खोदकाम चालू असताना अल्लमप्रभू इथे आले आणि ‘तो माती खणणारा सिद्धराम कुठे आहे?’ असं विचारू लागले. आपल्या गुरूला कोणी असं बोलतंय म्हटल्यावर कामकऱ्यांनी त्यांच्यावर दगड फेकले. पुढे हेच सिद्धराम कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला गेले आणि अनुभव मंटपाच्या, म्हणजे शरणांच्या चर्चासभेच्या, शून्यपीठावर (अध्यक्षपदावर) बसले. ही कथा मी आधी वाचलेली होती. पण समोर ते पाणी असताना ‘माती खणणारा’ हे शब्द मला टोमण्यासारखे वाटले नाहीत. नऊशे वर्षं ज्या पाण्याभोवती गाव राहिलं, ते खणणाऱ्याला याहून मोठं नाव काय द्यायचं?

देऊळ तळ्याच्या मधोमध आहे, पाणी तिन्ही-चारही अंगांनी. सिद्धरामांची समाधी आवारातच आहे. सकाळी गर्दी नसते, निवांत बसता येतं. चपला पटकन निघतील अशा घाला. या फेरीत त्या चार-पाच वेळा काढाव्या लागतात, आणि फरशी नऊनंतर तापते. गाभाऱ्यात फोटो काढू नका, बाहेर विचारून काढा.

तिथून किल्ला. बहामनी काळातला हा भुईकोट. त्याला डोंगराचा आधार नाही, सगळी भिस्त भिंतीवर आणि पाण्यावर. तीन बाजूंना खंदक खणला आहे, पूर्वेला खंदक नाही, कारण तिकडे आपलं तळंच आहे. हे कळलं तेव्हा मी परत वळून तळ्याकडे पाहिलं. लोकांना आणि गुरांना प्यायला खणलेल्या पाण्याला दोन-अडीचशे वर्षांनी कुणीतरी किल्ल्याची चौथी बाजू करून टाकलं होतं. तटही दोन आहेत, एकात एक, आणि आतला बाहेरच्यापेक्षा उंच. म्हणजे शत्रू बाहेरचा तट चढून आला तरी तो आतल्या तटावरच्या माऱ्याखाली सापडायचा. भिंतीत मधे मधे नक्षीचे दगड दिसतात, कुठे मोर, कुठे देवाची आकृती. देवळांचे दगड तटात गेले, त्याच्या या खुणा. सरांनी त्याचं भाषण केलं नाही. “हात लावून बघा” एवढंच म्हणाले, आणि सगळ्यांचं बघून होईपर्यंत थांबले.

या किल्ल्यासाठी झालेल्या लढाया वाचताना नावांची गल्लत होते. सरांनी ती लग्नांच्या गोष्टीत बांधली, तशी लक्षात राहते. सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात अहमदनगरचा बुर्‍हाण निजामशहा आणि विजापूरची शहजादी मरियम यांचं लग्न झालं, आणि तेही सोलापुरात. हुंड्यात हा किल्ला द्यायचा ठरला. विजापूरकरांनी तो दिला नाही, आणि दोन्ही घराणी कित्येक वर्षं त्यावरून लढत राहिली. मग 1565 च्या तालिकोटच्या लढाईआधी निजामशाहीची चांदबिबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूर तिच्याबरोबर विजापूरला गेलं. एक किल्ला दोन मुलींच्या पदराला बांधलेला. आई म्हणाली, “त्या पोरींना कोणी विचारलं होतं का?” सर म्हणाले, “नाही ताई. बखरीत नाही, तवारिखेत नाही.” नंतर बराच वेळ आमच्यात कोणी बोललं नाही.

आत एक मशीद आहे, तिच्या दगडी खांबांवर जुन्या देवळाची कलाकुसर ओळखू येते. उत्खननात निघालेल्या मल्लिकार्जुन मंदिराचे अवशेषही पाहा, ते चुकवू नका. विजापूर घेण्याआधी औरंगजेबाची छावणी या परिसरात होती, आणि मे 1818 मध्ये इंग्रजांनी पेशव्यांकडून किल्ला जिंकला. तटावर जायच्या पायऱ्या उंच आहेत आणि कठडा सगळीकडे नाही. गुडघे दुखत असतील तर वर जाऊ नका. खालच्या बागेतून दोन्ही तट नीट दिसतात. आई खालीच थांबली, आणि तिचं काही चुकलं नाही. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या, पाण्याची बाटली भरून न्या.

‘सोळा गावांचं सोलापूर’ हे आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेलं. सरांचं म्हणणं वेगळं, आणि मला ते पटलं. कामतीच्या शके 1238 च्या संस्कृत शिलालेखात नाव सोनलिपूर आहे, किल्ल्यातल्या एका लेखात सोनलपूर. त्यातला ‘न’ गळाला की सोलापूर. इथे सोळाचा काही संबंध दिसत नाही.

किल्ल्यातून गावात आलो. वेशी आता उभ्या नाहीत, पण नावं आहेत : बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस. कुठल्या वाटेने कुठे जायचं ते नावातच आहे. कसब्यात गाडी आणू नका, गल्ल्या अरुंद आहेत. एका चहाच्या टपरीवर मालक आमच्याशी मराठीत बोलत होते, मागच्या गिऱ्हाइकाला “बर्री, बर्री” म्हणून कन्नडमध्ये बोलवत होते, आणि मुलाला तेलुगूत काहीतरी सांगत होते. पूर्वभागातल्या पद्मशाली विणकरांमुळे इथे तेलुगू घराघरांत आहे.

हिरेहब्बू वाड्यासमोर आई थांबली. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, सात नंदीध्वज इथूनच निघतात. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी ते उंच ध्वज पेलत अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेकासाठी जातात, दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. कुंभारकन्येचं सिद्धरामांच्या योगदंडाशी लागलेलं ते लग्न. आईला त्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या संमती वचनांतले ‘दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम’ हे शब्द अजून पाठ होते. लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून तिने अक्षता टाकल्या होत्या. ते दिवस साधून यायचं असेल तर यावंच, पण किल्ला बघायचा हेतू ठेवून नको. त्या चार दिवसांत रस्ते बंद असतात आणि राहायला खोली मिळणं मुश्कील.

परतताना चार पुतळ्यांपाशी आलो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. 1930 मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर त्यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली. ज्या गाडीने आम्ही आलो तिचं नाव त्यांच्यावरून आहे, हे आमच्या गटातल्या दोन कॉलेजच्या मुलांना तिथे पहिल्यांदा कळलं. ती दोघं नावं पुन्हा वाचत उभी राहिली.

साडेदहाला कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही खाल्लं. चटणी घरी न्यायची असेल तर उखळात कुटलेली मागा. तिला तेल सुटलेलं असतं आणि हाताला ती ओलसर लागते. आई मात्र पानावरून उठली ती थेट सरांकडे गेली. त्या अडुसष्ट लिंगांतली तिच्या आजोळाजवळची कुठली, हे तिला पक्कं करून घ्यायचं होतं. सरांनी तिच्या वहीच्या पाठीमागे गल्लीचा नकाशा काढून दिला, आणि ऊन चढलेलं असूनही आम्ही पुन्हा कसब्याकडे वळलो.