त्याला पाणी नको

दुपारची भांडी आवरली की आई उरलेलं पाणी घेऊन गॅलरीत जाते. तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण, पाहुण्यानं पेल्यात ठेवलेलं अर्धं पाणी, सगळं एका पातेल्यात जमलेलं असतं. ते तुळस, कढीपत्ता, जास्वंद, गवती चहा अशा ठरलेल्या क्रमानं वाटलं जातं. परवा ती शेवटच्या कुंडीपाशी जरा थांबली आणि मी बघतेय का, म्हणून तिनं मागं वळून पाहिलं. मी बघतच होते.

"आई, त्याला नको."

"अगं, घोटभर."

"घोटभरसुद्धा नको. थंडी आहे."

"मुकं झाड ते. त्यानं काय तोंडानं मागायचं?"

झाड म्हणजे मुठीएवढा गोल कॅक्टस, मॅमिलारिया. अंगभर पांढरे, केसाळ काटे. दिवाळीचे कंदील उतरले की मी त्याचं पाणी तोडते, ते होळीपर्यंत. मध्ये अगदीच सुरकुतला तर एखाद्या उन्हाच्या सकाळी कडेकडेनं चार चमचे. खत नाही, कुंडी बदलणं नाही. ऊन मात्र जितकं मिळेल तितकं. एवढीच काय ती हिवाळ्यातली निगा. ज्यांच्याकडे कॅक्टस आहे त्यांना हे सांगावं लागत नाही आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना ते पटत नाही.

तशी सांगलीची थंडी ती काय! पारा दहाच्या खाली गेला तर तासगावचे द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि त्याची बातमी होते. तेवढ्या गारठ्याचं कॅक्टसला काही वाटत नाही, पण माती कोरडी हवी. थंडीत मुळं झोपलेली असतात. घातलेलं पाणी कुणी पीत नाही, ते कुंडीत नुसतं बसून राहतं आणि मग बुरशी. वरून झाड टवटवीत दिसतं आणि बुडाशी बोट लावलं तर मऊ. तोवर आतलं सगळं संपलेलं असतं. शिवाय हा कोरडा उपास झाला की उन्हाळ्याच्या तोंडाशी डोक्यावर गुलाबी फुलांचं कडं येण्याची आशा असते. लाड केले तर झाड फुगतं, हिरवंगार होतं, पण फुलाचं नाव नाही.

आईला यातलं काही पटलं नाही. पटलं ते भलतंच. मी सांगितलं, की इतर झाडं दिवसा पानांची भोकं उघडून हवा घेतात, पण तसं केलं तर वाळवंटात अंगातलं पाणी उडून जाईल. म्हणून हा दिवसा सगळं बंद करून बसतो आणि रात्री गार झालं की उघडतो. आई म्हणाली, "मग आमच्यासारखंच की! आम्हीपण रात्री दोनला उठून विहिरीवर जात होतो."

तिचं माहेर आटपाडीकडचं. बहात्तरच्या दुष्काळात ती परकरात होती. दिवसभर उपसलेल्या विहिरीत रात्रीतून चार घागरी पाझर साठायचा. तो दुसऱ्या कुणी न्यायच्या आत वाटीनं भरून आणायचा. दिवसा मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला आणि मुलं सुकडीच्या, म्हणजे वाटपाच्या खाऊच्या रांगेत. हे ती फार क्वचित सांगते आणि सांगताना तिसऱ्याच कुणाचं सांगितल्यासारखं सांगते. पण त्याही घरात दारात माणूस आला की आधी पाण्याचा तांब्या पुढं व्हायचा. "पाणी देऊ का?" असं विचारायची पद्धतच नव्हती. विचारणं म्हणजे नाही म्हणायची सोय करून देणं! अशा बाईला मी तीन-चार महिने एका जीवाला पाणी देऊ नकोस म्हणते.

आमच्या जिल्ह्याचंच पाण्याशी काही धड नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर तहानलं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या. आई टीव्हीसमोरून हलेना. जणू तिनंच तांब्या पुढं केला होता. त्याच वेळी आमच्याच जत तालुक्यात टँकरची वाट बघणारी गावं होती, तो भाग वेगळा. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात सांगलीच्या गावभागात होड्या फिरल्या. मला वाटतं, मेक्सिकोच्या पठारावरून आलेल्या या झाडाला जतेत उतरवलं असतं तर त्याला परकं वाटलं नसतं. तिकडेही पाऊस उन्हाळ्यानंतरचे काही महिने आणि पुढं हिवाळा कोरडाठाक. हेच तर आटपाडीचंही वेळापत्रक.

तसे त्याचे भाऊबंद कधीचेच इकडे आलेत म्हणा. आजोळी बांधाला फड्या निवडुंगाचं कुंपण होतं. त्याची लाल बोंडं आम्ही मे महिन्यात काढायचो. काठीनं पाडायची, मातीत चपलेखाली घोळवायची, मग वरचं साल दगडानं सोलायचं. आत जांभळा-लाल गर आणि नुसत्या बिया. जिभा, हात, फ्रॉक, सगळं रंगायचं. कितीही घोळवलं तरी ती बारीक कुसळं राहायचीच. दिसायची नाहीत, पण ओठ हलवला की टोचायची. मग आजीसमोर रांग. ती चंचीतून चिमटा-कानकोरण्याचा पितळी जुडगा काढायची, आमची हनुवटी धरून तोंड उन्हाकडं वळवायची आणि एकेक कुसळ ओढायची. "परत खाशील?" "नाही." ओढून झालं की चंचीतल्या सुपारीचं खांड मिळायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग.

त्या फड्यांवर पांढरा कापूस बसलेला असायचा. काडीनं चिरडला की रक्तासारखा लाल रंग. पुढं कळलं, की तो कापूस म्हणजे किडे आणि ते इथले नव्हतेच. रंगाच्या धंद्यासाठी १७९५ साली ब्राझीलहून असाच एक किडा भारतात आणला होता. तो निघाला भलताच. रंग बेताचा आणि भूक मोठी. त्यानं एका जातीचा निवडुंग पार खाऊन टाकला. मग पुढं निवडुंग फार माजला की असले किडे मुद्दाम सोडायला लागले. माझ्या कुंडीतल्या काट्यांच्या बेचक्यात हिवाळ्यात बसतो तो पिठ्या ढेकूण याच गोतातला. जुना टूथब्रश स्पिरिटात बुडवून मी तो काढते. त्या कामात वेळ फार छान जातो.

या झाडाबद्दल लोकांची मतं फार पक्की असतात. सोसायटीतल्या एक वहिनी दर वेळी सांगतात, की घरात काटेरी झाड ठेवू नये, भांडणं होतात. आमच्याकडे भांडणं कॅक्टसच्या आधीपासून आहेत. आणि याच वहिनी पावसाळ्यात ब्रह्मकमळ उमललं की रात्री अकराला सगळ्या जिन्याला उठवतात, हळदकुंकू वाहतात, फोटो काढतात. तोही कॅक्टसच, मेक्सिकोकडचाच, फक्त काटे नाहीत. मी हे त्यांना सांगितलेलं नाही. एवढ्या रात्री कुणाचा हिरमोड कशाला करा? माझा राग आहे तो नर्सरीतल्या बिचाऱ्या कॅक्टसवर गोंदानं कागदी फूल चिकटवून विकणाऱ्यांवर. ते फूल ओढून काढलं तर साल निघते आणि न काढावं तर झाड त्याच्याभोवती वेडंवाकडं वाढतं.

मामेभावानं आता बांधावरचं निवडुंग केव्हाच काढून टाकलंय. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं, डाळिंब लागलं, आणि गेली काही वर्षं ड्रॅगन फ्रूट. आमच्याच जिल्ह्यातल्या तडसरचं ड्रॅगन फ्रूट २०२१ मध्ये दुबईला गेलं, तेव्हापासून जिकडेतिकडे सिमेंटचे खांब उभे आहेत आणि त्यांवर तीन धारांचा हिरवा वेल लोंबतोय. म्हणजे बांधावरचा कॅक्टस काढून शेतात कॅक्टसच लावला. याला ठिबक, त्याला शिव्या. दिवाळीच्या आधी तो एक पेटी घेऊन आला होता. आईनं सुरीनं फळ चिरलं, लाल गर बघून क्षणभर खूश झाली, फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळत राहिली.

"कसं आहे, आत्या?"

"नुसतं पाणीच की रे," ती म्हणाली, आणि मला मिठाचा डबा आणायला सांगितला.