समोरच्या चेनने नाही बुडवलं

“समोर ती कॉफीची मोठी चेन आली ना, म्हणून बंद पडलं का गं तुमचं कॅफे?” लग्नात, बँकेत, भाजीवाल्याकडे, सगळीकडे हाच प्रश्न. मी ‘नाही’ म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मोठ्या माशाने छोटा मासा गिळला, हेच सगळ्यांना ऐकायचं असतं. सुरुवातीला मलाही ते सोयीचं वाटायचं. सहानुभूती फुकट मिळते.

तर एकदाच लिहून टाकते. चेन आल्यावर आमचं गिऱ्हाईक घटलं नाही. लॅपटॉपवाली मुलं तिकडे गेली, खरंय. पण ती एका कॅपुचिनोवर अख्खी सकाळ काढायची, त्यामुळे मी काही रडले नाही. आणि कॉफीला पावणेदोनशे रुपये मोजायची सवय कोथरूडला आम्ही नाही लावली. १९९६ मध्ये बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर पहिलं कॅफे कॉफी डे उघडलं, २०१२ मध्ये टाटांच्या भागीदारीत स्टारबक्स मुंबईला हॉर्निमन सर्कलमध्ये आलं. सवय त्यांनी लावली, आमच्यासारखे कितीतरी जण तिच्यावर जगले.

मग कॉफी महागली म्हणून? महागली तर खरीच. ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका जातीची कॉफी पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली. कर्नाटकात चिकमगळूरचा कॉफीचा मळेवालाही तोच दर बघून बोलतो, त्याने का सोडावं? पण हिशेब करा. एका कपाला १८ ग्रॅम भाजलेली कॉफी. किलोमागे ३०० रुपये वाढले तरी कपामागे साडेपाच रुपयांच्या आतच. तेवढ्याने दुकान बसत नाही.

याच हिशेबाने माझं एक जुनं भाषणही कोसळतं. दारातल्या फळ्यावर मी खडूने लिहायचे, ‘थेट मळ्यातून, शेतकऱ्याला योग्य दाम’. कच्च्या बियांना किलोमागे ५० रुपये जास्त द्यायचो. म्हणजे कपामागे जेमतेम रुपया. त्या रुपयावर केवढा तोरा! काहीच न देण्यापेक्षा बरं ना, असं तेव्हाची मी म्हणते. तिला उत्तर सापडलेलं नाही, पण तो फळा मी पुन्हा लिहिणार नाही.

आता खरं काय ते. जागेचा भाडेकरार संपत आला होता. घरमालक काका रोज अकराला यायचे. फिल्टर कॉफी, साखर कमी, पैसे रोख. त्या दिवशी कॉफी नको म्हणाले. खिशातून कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका काढली. मागच्या कोऱ्या बाजूला सूनबाईंनी पेन्सिलीने हिशेब मांडलेला. एकीकडे आमचं भाडं, दुसरीकडे दलालाने आणलेला आकडा, दुपटीला थोडाच कमी. खाली प्रॉपर्टी टॅक्स, सोसायटीचा मेंटेनन्स आणि मुलाच्या फ्लॅटचा हप्ता. त्याखाली दोन रेघा.

“मी तुला जा म्हणत नाहीये,” काका म्हणाले. “जो फरक आहे ना, त्याच्या निम्म्यावर ये.”

मी पत्रिका उलटी केली आणि वधूवरांची नावं, कार्यालयाचा पत्ता, सगळं वाचत बसले. तेवढाच वेळ मिळाला. मग “किती दिवस देता?” असं विचारलं, पण आत पोरगा मशीनवर दूध तापवत होता, त्या फुसफुसाटात काकांना ऐकूच गेलं नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. “तुझी कॉफी छानच असते गं,” ते म्हणाले, “पण कॉफीवर या जागेचं भाडं निघतं का?”

राग आला. अजून येतो. पण उत्तर काय देणार होते? निम्म्यावर जायचं तर रोज पंधरा-वीस कप जास्त खपायला हवेत, आणि सहा टेबलं संध्याकाळी आधीच भरलेली. शिवाय भाड्यावर १८ टक्के जीएसटी आमच्याच माथी. ५ टक्के जीएसटीचं बिल फाडणाऱ्या हॉटेलवाल्यांना स्वतःच्या करातून त्याची वजावट मिळत नाही. काका वाईट नव्हते. तसे असते तर मला हे सांगायला सोपं गेलं असतं.

जागेत आलं चष्म्याचं दुकान.

आणि चेनचं तरी काय? टाटा स्टारबक्सची दुकानं वाढत गेली तरी ताळेबंदात तोटाच दिसत आलाय. कॅफे कॉफी डे काढणाऱ्या सिद्धार्थांकडे तर चिकमगळूरला स्वतःचे मळे होते. २०१९ मध्ये ते वारले तेव्हा समूहाच्या डोक्यावर हजारो कोटींचं कर्ज होतं. त्यात इतर धंदेही होते, मान्य. फरक इतकाच की मोठ्या कंपनीला तोटा वर्षानुवर्षं सोसता येतो, मला दोन महिने. “म्हणजे फिरून मोठ्या माशाचीच गोष्ट झाली की!” असं भाऊ म्हणतो. असेलही. माझं त्याच्याशी अजून भांडण चालू आहे.

परवा वारज्यात एक गाळा बघून आले. घरी बोललेले नाही. पहिल्या वर्षाचं भाडं पेलेल, पण दर वर्षी दहा टक्के वाढ मागतायत, तिथे अडलंय.